पंपाचा रिले कोणी काढला

मंगळवार, सावली. गॅरेज बंद केल्यावर.

महादेवकाकांची गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाई. सकाळपासून तिच्यातच डोकं घालून होतो. चावी फिरवली की मागच्या सीटखालून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा घूंऽ आवाज यायला पाहिजे, तो येतच नव्हता. शेवटी पाहिलं तर पंपाले करंट देणारा छोटा रिलेच जागेवर नाई.

तेंदूपत्त्याच्या कामाले जंगलात गेले की गाडी कोणी नेऊ नये म्हणून काका तो काढून खिशात ठेवत. पण आज म्हणाले, "मी नाई काढला, हमीद. मले आठवलं नसतं का?" सकाळी मात्र त्यांनी मले माझ्या अब्बाच्या नावानं हाक मारली होती.

काकू पदराच्या गाठीतलं काहीतरी टणक चाचपत उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "परवा हे चिमूरले म्हणून निघाले अन् मूल गावाकडच्या जंगलात सापडले, भाऊ."

माझ्या पार्टच्या डब्यात तसले दोन रिले पडून आहेत. तरी म्हणालो, "काका, पार्ट नागपूरहून येईल. आठ दिवस लागतील."

काऊन खोटं बोललो? आठ दिवसांनी काय सांगू? काही समजून नाई राह्यलं. जाताना काका पुन्हा गाडीत बसले, चावी फिरवली, अन् मान मागं वळवून त्या आवाजाची वाट पाहत राहिले.