बुरुल इथंच राहते

१२ ऑक्टोबर
एर्मेकचा फोन. रशियातून, कझानहून. तिथं दुसरी बाई केलीय म्हणे! तलाकचे कागद पाठवतोय. "आपा, बुरुलला इतक्यात सांगू नकोस." माझा एकुलता एक मुलगा — आणि आईला हे शिकवतो!

फोन ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सांगितलं. कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "आपा, मीठ घातलं का हो मी?"

१३ ऑक्टोबर
नान खारट. दोघींनी खाल्ले.

२ नोव्हेंबर
बहीण आली होती, कालिपा. तळलेले बोरसोक तोंडात कोंबत म्हणते, "मुलानंच सोडली, तू कशाला धरून बसलीस? आता ती तुझी कोण लागते?"

पलीकडच्या खोलीत बुरुलचं शिवणयंत्र थांबलं होतं. ऐकलंच असणार. संध्याकाळी चहा दिला नेहमीसारखा. साय जरा जास्तच.

१९ डिसेंबर
अंगणात बर्फावरून घसरले. मनगट मोडलं. वर रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" मी तोंड उघडायच्या आत बुरुल — "मी आहे. औषधं मला समजावा, या ऐकत नाहीत."

मी ऐकत नाही? भांडलोच तिथं! डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. "भांडायला हक्काचं माणूस आहे ना घरात? मग बऱ्या व्हाल. एकटी म्हातारी माणसं येतात माझ्याकडे, औषधं घेऊनही झुरतात."

एका हातानं वेणी घालता येत नाही. बुरुल घालते. घट्ट ओढते. बरं वाटतं.

१५ जानेवारी
तलाक झाला. कागद घेऊन येताना बाजारातून माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले तिनं.

२३ जानेवारी
कोळसा टाकायला येणारा सबीर हल्ली चहाला थांबतो. बायको कधीच गेली त्याची. मूलबाळ नाही. माणूस सज्जन आहे — म्हणूनच राग येतो! आज त्याचा चहाचा वाडगा रिकामा दिसला, तरी भरला नाही. तो उठून गेला. बुरुल माझ्याशी बोलेना.

२४ जानेवारी
अजून अबोला. वेणी घातली, पण सैल.

२६ जानेवारी
मीच विषय काढला. "आवडतो का तुला?"
"आवडून काय करू? तुम्हाला टाकून जाऊ?"
"आणि मी मेल्यावर? भांडशील कोणाशी?"

रडली. ऑक्टोबरात रडली नव्हती, ती आज. मग मीही. रक्तदाब मोजलाच नाही.

११ फेब्रुवारी
सबीरला जेवायला बोलावलं. आडपडदा न ठेवता विचारलं. म्हणाला, इथंच येऊन राहतो.

"घरजावई म्हणतील. अख्खं नारीन गाव हसेल तुला."
"हसू दे, आपा. एकट्यानं जेवायला बसलं की घास उतरत नाही."

चांगला जेवला. बुरुल सारखी चुलीकडे तोंड करून उभी. कान लाल!

३ मार्च
एर्मेकला फोन लावला. म्हटलं, "एप्रिलात बहिणीचं लग्न आहे, ये."
"कुठल्या बहिणीचं?"
"तुला एकच आहे."