कट-पेस्ट आणि माझं कोपर

ती. वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देत नाहीत, पण तुम्ही तिकडे, मी इकडे; कोण बघतंय!). तुमचा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घालता ना, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिची राखण करता? इथे सगळे बरे आहेत. तुमचे बंधू पेपर वाचता वाचता झोपतात आणि झोपलोच नव्हतो म्हणून भांडतात. आता लेकीकडेच कायमचं राहायचं ठरवलंय, माझी खोली रिकामी करून टाका, असं तुम्ही लिहिलंत. ठीक आहे. त्यावर मला काहीच म्हणायचं नाही. (म्हणायचं असतं तर म्हटलं असतं.)

लिहायला बसले ते शाळेतल्या फजितीबद्दल. नातीच्या बाईंनी घरातल्या मोठ्या माणसाला बोलावलं होतं. मुलगा आणि सून कामावर, तुमच्या बंधूंचं नेमकं डोकं दुखायला लागलं, तेव्हा गेले मी. बाईंनी नातीचा निबंध पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, यात कष्ट काहीच नाहीत, नुसतं कट-पेस्ट आहे. वन्सं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली! आपण दोघींनी उभं आयुष्य छापखान्याच्या पेस्टिंग खात्यात काढलं, आणि म्हणे कष्ट नाहीत! मी त्यांना सगळं ऐकवलं. हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांनी आमच्यासारख्यांच्या टेबलावरून उचलला, बाई. मजकूर लांब पट्ट्यांवर यायचा, तो ब्लेडने कापायचा, मागे रबर सोल्यूशन लावायचं, निळ्या रेघा आखलेल्या कागदावर बसवायचा, मग त्या पानाचा फोटो निघून छपाई. साहेबांना खालचा परिच्छेद वर हवासा वाटला, की अर्धं पान उकलून पुन्हा लावायचं (आणि तो त्यांना आपण घरी जायला पिशव्या उचलल्या की हवासा वाटायचा, मेल्यांना). पुढे तेच काम बटणाने व्हायला लागलं, नाव मात्र तेच राहिलं. इथवर मला अभिमानच होता. पण आता उचलेगिरी केली की म्हणायचं कट-पेस्ट! आपल्या कामाच्या नावाने पोरांना ओरडा बसतोय, वन्सं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, वर चहा मागवला. मी तिथेच उठायला हवं होतं.

पण त्यांच्या पाठीमागे नोटीसबोर्डावर परीक्षेचं वेळापत्रक तिरकं लावलेलं. तिरकं दिसलं की माझे हात कसे शिवशिवतात, ते तुम्हाला सांगायला नको. सरळ करून देते म्हटलं आणि उकलायला गेले, तर टर्रकन फाटलं. बाई नको नको म्हणत असताना मी ते टेबलावर पसरून त्यांच्याच गोंदाने जोडलं, बोर्डावर लावलं आणि ऐटीत निघाले. भाजी घेतली, बँकेत डोकावले, शेजारणीशी गप्पा मारल्या. घरी येऊन आरशात बघते तर कोपराला चिकटलेलं, ‘गणित, शनिवार’! गणिताचा पेपर घेऊन मी गावभर हिंडले आणि एकानेही सांगितलं नाही. तुमच्या बंधूंनी पाहिलं होतं म्हणे. त्यांना वाटलं, लक्षात राहावं म्हणून मी मुद्दाम लावलंय.

खात्यातून निघताना तुम्ही दारात अडवायचात, कोपर दाखव म्हणून. एकदा अख्खा मथळा निघाला होता, आठवतं? मला तेव्हा राग यायचा, मी काय कुक्कुलं बाळ आहे! त्याच दारात मला हेरून तुम्ही भावासाठी मागणी घातलीत, आणि लग्नानंतर घरीही तपासणी चालूच. परवा ते कोपर आरशात बघून मी हसून हसून दमले आणि मग तशीच बसून राहिले. फार आठवण येते हो तुमची. दिवसभर घरात माणसं असतात, पण माझ्याकडे नीट बघतं कोण? थोड्या वेळाने उठून भाजी निवडायला घेतली.

लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. डोळा चोळू नका.

तुमची भावजय

ता. क. निबंध नातीने खरंच चोरला होता. मैत्रिणीचा, तोही मैत्रिणीच्या नावासकट. बाईंची माफी मागून आले. ‘गणित, शनिवार’ त्यांनी पेनने लिहून चिकटवलंय, तेही तिरकं. मी हात मागे घट्ट धरून उभी होते.

आणखी एक ता. क. तुमचे बंधू म्हणतात, ताई तिकडे सुखात आहे, तिला ओढू नकोस. मी कुठे ओढतेय? एवढंच विचारते, तिकडे तुमच्याशी भांडायला कुणी आहे का? लेक गुणाची, जावई देवमाणूस, ते कसले भांडणार! खोली रिकामी करायला मी दोनदा आत गेले आणि दोन्ही वेळा तुमच्या पलंगावरची चादर बदलून बाहेर आले. माझ्याच्याने ते काम व्हायचं नाही. डोळा बरा झाला की तुम्हीच येऊन करा. मी करू देणार नाही, ते निराळं.