कपबशी कुणाला

१७ जानेवारी १९९९

डेसमंड चालला! सकाळीच रेल्वे क्वार्टरातनं सायकल मारीत आला. म्हणला, "आज्जी, आमचं सगळं घर ऑस्ट्रेलियाला." मामा आधीच तिकडं हाय त्याचा. झालं, नातवाच्या बँडचा ड्रमवाला गेला!

बँड म्हंजी काय— आमचा सम्राट गाणार, त्याचा दोस्त संघर्ष कॅसिओ वाजवणार, डेसमंड ड्रम. तालीम माझ्या पडवीत. चौदा एप्रिलला पाटसच्या जयंतीत भीमगीतं म्हणायचीत, ती बी इंग्लिश ढंगानं. शेजारच्या गीताबाईची कोंबडी अंडी द्यायची बंद झाली, पण पोरं काय बंद होत न्हाईत.

बँडवाल्याला मी च्या स्टीलच्या गिलासात देते, पाहुण्याला कपबशीत. आज डेसमंडपुढं बशी ठेवली. बघतच ऱ्हायला. "म्हंजी मी पाहुणा झालो व्हय?" हसला, आन् डोळं पुसलं.

हे सगळं सम्राटची बहीण गौतमी लिहिती. मला अक्षर येत न्हाई, तिला दम न्हाई. मी इचारात पडले की पोरगी पेन आपटीत बसती वहीवर. टकटक, टकटक.

२४ जानेवारी

डेसमंड हातगाडीवर घालून ड्रम देऊनच गेला. सम्राटनं दुपारच्याला हरिबा पेंटरला गाठला आन् मोठ्या ड्रमवर लिहून घेतलं— सम्राट अँड पार्टी. घाई बघा!

दोन कॅसेटी बी दिल्यात. ऑस्ट्रेलियाचा कुठलासा बँड, त्याच्या मामानं धाडलेल्या. एकीवर पाच तोंडं, दुसरीवर त्यातली दोनच. म्हणलं, बाकीचे मेले का काय? तर संघर्ष म्हणला, न्हाई. पहिल्या दोन वर्सांत ड्रमवाले बदलले, गिटारवाला बदलला, आन् ज्यानं बँड काढला, त्या गाणाऱ्यालाच घरी बसवला.

"मग?"

"मग चालला की बँड, आज्जी."

सगळ्यात जास्त सम्राट हसला.

१४ फेब्रुवारी

नवा ड्रमवाला म्हाळू. लग्नात हलगी वाजवतो, हात लई गोड. पर स्टुलावर बसंना. उभ्यानंच वाजवणार म्हणतो.

१६ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखतंय. तालमीआधी म्हाळूनं पडवीपुढं उसाचं पाचट पेटवलं आन् लहान ड्रम धरला जाळावर. हलगी शेकल्याबिगर वाजत न्हाई, तसा ह्यो बी! पर ह्याचं कातडं पलाष्टिकचं. पापडावानी गोळा झालं. सम्राट बोंबलतोय, म्हाळू म्हणतोय, "ऊब लई झाली काय?"

म्हाळूला कपबशी.

७ मार्च

नवं कातडं पुण्याहनं आलं, पर वाजवायला माणूस न्हाई. पोरं तोंड पाडून बसलेली. मी म्हणलं, अरं, ही पेन आपटती तिला बसवून बघा. गौतमी बसली. आरारारा! वस्तीतली कुत्री पळाली. संघर्ष उभा ऱ्हायला. आता लिहिताना लाजती, पर हे बी लिही म्हणलं.

गौतमीला गिलास.

२१ मार्च

कोरसला निमोण्याची सीमा आली. संघर्षची मावसबहीण. बोलती इतकं हळू, की कान न्यावा लागतो तोंडापाशी. आन् गायला लागली तर पत्रा हादरला.

२८ मार्च

पाटसच्या जयंती कमिटीचे बबनराव दोघांना घेऊन तालीम ऐकायला आले. सम्राट दोन गाणी म्हणला. पोराच्या अंगात लई जोर, पर सूर वरच्या पट्टीत गेला की खाली घसरतो. आजी असले तरी कानाला कळतं. मग सीमानं एकच म्हणलं. बबनराव जाताना मला बाजूला घेऊन म्हणले, "आक्काबाई, पोरगी गात आसंल तर स्टेज आपलं. न्हाई तर दुसरी पार्टी बघतो."

सम्राटला सांगायचं कुणी? संघर्ष म्हणतो, तुम्हीच. कपबशी तुमचीच हाय न्हवं.

आजवर दुसऱ्याच्या लेकरांना हसत हसत दिली.

२ एप्रिल

कपबशी धुतली. पुसली. परत फळीवर ठेवली.

५ एप्रिल

आज बी गिलासच. सम्राट म्हणतो, "आज्जी, साखर जास्त पडलीय." म्हणलं, पी गुमान.

९ एप्रिल

गौतमी म्हणती, मी सांगू का? न्हाई म्हणलं. माझ्या घरचा च्या, मीच देणार. सीमा बिचारी सम्राटपुढं तोंडच उघडंना. तो दाराशी उभा ऱ्हाऊन तिचं ऐकत हुता. मी बघितलं. त्यानं बी मला बघितलं.

१४ एप्रिल

अक्षर बदललंय. गौतमी टेम्पोत ड्रम चढवतीय. ड्रमवर नाव तेच हाय— सम्राट अँड पार्टी.

सकाळी सम्राटनंच च्या ठेवला. संघर्षला गिलास, गौतमीला गिलास, सीमाच्या हातात सोताचा गिलास दिला. मग फळीवरनं कपबशी काढली, माझ्यापुढं मांडी घालून बसला आन् फुर्र करून प्याला. मला बोलूच दिलं न्हाई.

बशी पालथी घातली आन् वही ओढली. म्हणला, "गौतमीची लिहायची जागा मोकळी झालीय न्हवं? सांग."