घरघरणारा पंखा पाहिजे

प्रिय भावजी,

वहिनीचे तुम्हा दोघांना मनापासून आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली आहे म्हणे, आणि तरी तुम्ही मध्यंतरी शिडी लावून माळ्यावर चढलात असं जाऊबाई सांगत होत्या. (त्यांनी चुगली केली असं समजू नका. मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि मी दर वेळी विचारते.) माळ्यावर असं काय आहे की ज्यावाचून तुमचं अडतं, ते देव जाणे. असो. माझं बरं चाललंय. रक्तदाब सांगितल्यात राहतो, चष्म्याची दांडी मोडली होती ती चिकटवून घेतली.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, वहिनी, तुम्ही कॉम्प्युटरचे पंखे गोळा करता असं पुतणी सांगत होती, हे काय नवीन? मी 'छंद' म्हणून मोकळी झाले आणि जाऊबाईंच्या कुंड्यांची चौकशी केली. फोनवर मला लांबलचक गोष्ट सांगता येत नाही. समोरचा माणूस हं हं करतो, आणि त्यातला खरा हं कोणता आणि डुलकीतला कोणता हे समजत नाही. शिवाय तुमच्याकडे मागे मिक्सर चालू होता. म्हणून हे पत्र. माझ्या लेकीलाही फोनवर वाचून दाखवलंत तरी चालेल, म्हणजे आईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तिला तिच्या गावी बसून ठरवता येईल.

सुरुवात तुमच्यापासूनच होते, रागावू नका. तुम्ही नवा कॉम्प्युटर आणलात, टेबल पुसून त्यावर मांडलात, बटण दाबलंत आणि अभिमानानं म्हणालात, "बघा वहिनी, चालू आहे का बंद, कळतसुद्धा नाही." मीही वा वा केलं. खरंच कळत नव्हतं. इतकं कळत नव्हतं की सुरुवातीला मी रोज तो बंद करायला जायचे आणि चालू करून यायचे. जुना डबा तुम्ही गाडीत घातलात, वाटेत भंगारवाल्याला देतो म्हणालात. मी फाटकापर्यंत सोडायला आले. (तुम्हाला. त्याला नव्हे. निदान तेव्हा मला तसं वाटलं.)

आता तो जुना कसा होता हे तुम्हाला माहीत आहे, पण दुपारचा कसा असायचा हे माहीत नाही. तुमचे दादा जेवण झालं की त्याच्यासमोर बसून बुद्धिबळ खेळायचे आणि हरायचे. यंत्र सगळ्यात सोप्या पातळीवर लावलेलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मला पडद्यावर दिसतं हे मीही त्यांना सांगितलं नाही. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसायचे. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर जे काही शिकले ते वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, कळो न कळो, अशाच रीतीनं. कठीण शब्द आला की मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. तिकडून अर्थ यायचा. बरेचदा चुकीचा, पण ठाम. आणि या सगळ्याच्या मध्ये तो पंखा घरघरत असायचा. थोडा वेळ एकसारखा चालायचा, मग घसा खाकरल्यासारखा अडखळायचा, आणि पुन्हा लागायचा. तो खाकरला की पान उलटायचं अशी मला सवयच जडली होती. दादा गेल्यानंतरही दुपारी मी तो सुरू करून ठेवायचे आणि पलीकडे जाऊन पुस्तक उघडायचे. शब्द अडला तर अडलेलाच पुढे न्यायचा, एवढाच काय तो फरक. पण वाचन चालू होतं.

नवा आला आणि वाचन बंद पडलं. डोळे ओळीवरून फिरतात, पण घर इतकं गप्प की माझा श्वासच मला मोठ्यानं ऐकू येतो, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. समुद्रप्रवासावरचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. त्यातलं जहाज अजून बंदरातच उभं आहे. वाचनालयातल्या बाई मुदत वाढवून वाढवून थकल्या. परवा म्हणाल्या, "फार गहन आहे का हो?" मी म्हटलं, हो, जहाज फार मोठं आहे.

तर मी विचार केला, यात एवढं काय, नव्या डब्यात एक आवाजाचा पंखा बसवून घेऊ. बाजाराच्या मागच्या गल्लीत सुट्या भागांचं दुकान आहे. मालक फार हळू बोलतात, म्हणून मी मनात त्यांना कुजबुजे म्हणते. मी सांगितलं, पंखा हवाय, आवाज करणारा.

"न करणारा," त्यांनी दुरुस्त केलं.

"करणारा."

"काकू, खोक्यावर हा आकडा असतो बघा. आकडा जितका लहान तितका आवाज कमी. सगळे लहान आकडा मागतात."

"मग मोठा आकडा कुणी मागत नसेल. तो द्या."

गळकी बादली मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कशाला म्हणून विचारलं. आता अनोळखी माणसाला, तेही मागे चार जण खोळंबलेले असताना, काय सांगायचं? मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं, यंत्र चालू आहे की नाही ते कळायला पाहिजे. "मग ऐकता कशाला? बघा की," असं म्हणून त्यांनी मला रंगीत दिव्यांचा पंखा दिला. तो लावल्यापासून आमच्या खोलीत रंग फिरतात. टेबलासमोरच्या भिंतीवर दादांचा फोटो आहे. ते आता हिरवे होतात, मग जांभळे, मग गुलाबी. हयातभर या माणसानं पांढऱ्या शर्टाखेरीज काही घातलं नाही. समोरच्या इमारतीतली शिंपीणबाई विचारून गेली, खाली दुकान काढताय का. आवाज मात्र शून्य.

दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, यंत्र तापतं. (तापत नव्हतं. मीच तापले होते.) कुजबुजे एकदम मायेत आले. तापण्यावर त्यांच्याकडे सगळं होतं. टूथपेस्टसारखी एक करडी पेस्ट दिली, ती आतल्या मुख्य चिपेवर वाटाण्याएवढी लावायची असते, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा पंखा दिला. मी खूश. एवढा मोठा आहे तर गरजेल. घरी येऊन माहितीपत्रक वाचलं (मी ती पुस्तकासारखी वाचते, लहान मुलांपासून दूर ठेवा इथपर्यंत), तेव्हा कळलं की पंखा मोठा असला की सावकाश फिरला तरी भागतं, आणि सावकाश फिरतो म्हणून अधिकच शांत असतो. म्हणजे मी पैसे मोजून आणखी शांतता घरी आणली. यापुढे पंखे आणत राहिले तर एक दिवस मला घड्याळही ऐकू येणार नाही.

पण एक सांगते, या भानगडीत मला डबा उघडता यायला लागला. बाजूचं झाकण सरकवायचं, अंगातली वीज उतरावी म्हणून आतल्या लोखंडाला आधी हात लावायचा, मग तारेचं टोक हलकेच काढायचं. आत बघितलं तर सगळं किती नीटनेटकं, जो तो आपापल्या खाचेत बसलेला. भाजी निवडायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी हे करते, आणि करताना वेळ कसा जातो कळत नाही. फक्त झाकण लावल्यावर दर वेळी एक स्क्रू उरतो. कुठला ते मला अजून सापडलेलं नाही, आणि यंत्राचं त्यावाचून अडलेलंही नाही. उरलेले स्क्रू मी दादांच्या चष्म्याच्या घरात ठेवते. हलवलं की छान वाजतं. घरात तेवढाच आवाज.

तिसऱ्या खेपेला दुकानात गर्दी नव्हती आणि मला नवीन थाप सुचली नाही. मी कुजबुज्यांना खरं ते सांगितलं. ते उठले, आत गेले आणि जुन्या, काढून टाकलेल्या पंख्यांची पेटीच घेऊन आले. मला स्टूल दिलं. मग एकेक पंखा काउंटरवर धरून चालू करायला लागले, चपलांच्या दुकानात जोड काढून दाखवतात तसे. मी डोळे मिटून ऐकत होते. एक अगदीच रागीट होता. एकाला सर्दी झालेली. एक नुसताच तक्रार करायचा. मध्ये एक तरुण गिऱ्हाईक आलं, आम्हा दोघांना असं बसलेलं बघून म्हणालं, "काय चाललंय?" कुजबुजे म्हणाले, "श्श, ऐकू द्या." शेवटी एक लागला. तीच जाडी, तीच लय. मी म्हटलं, हाच. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, मी घ्यायला लावले, त्यावर ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, आणि मग दोघेही शरमलो.

तो पंखा मी स्वतः बसवला. (एक स्क्रू उरला.) दुपारी सुरू केला आणि पलीकडे जाऊन पुस्तक घेतलं. घरघर अगदी तीच. जहाजावर माणसं चढायला लागली. मी पान संपवलं आणि थांबले. हा पंखा खाकरत नाही, भावजी. नुसता चालतो. मी खाकरण्याची वाट बघत त्याच पानावर बसून राहिले, चहाची वेळ झाली तरी.

तर असा हा छंद. काळजीचं काही कारण नाही असं लेकीला सांगा. गुडघ्याला शेक देत जा, जाऊबाईंना शिडी कुलपात ठेवायला सांगा, आणि सवडीनं दोन ओळी लिहा.

तुमची,
वहिनी

ता. क. एक लहानसं काम होतं. जुना डबा ज्या भंगारवाल्याला दिलात त्याचं दुकान कुठं आहे ते कळवा. मला सगळा डबा नको. मागच्या बाजूचा पंखा हवाय, आणि तोही न पुसता. ते खाकरणं बहुतेक धुळीचंच असणार.

ता. क. दुसरं. भंगारवाला शोधायच्या फंदात पडू नका. परवा फोनवर तुमच्यामागे जो चालला होता तो मिक्सर आहे असं तुम्ही म्हणालात. मिक्सर घसा खाकरत नाही. आपण कुंड्यांबद्दल बोलत होतो तेवढ्यात दोनदा खाकरला. ज्यानं इतकी वर्षं माझी पानं उलटली त्याला मी ओळखणार नाही का? गुडघा दुखत असताना माणूस माळ्यावर कशाला चढतो तेही मग उमजलं. जाऊबाईंना मी याबद्दल काही विचारलेलं नाही, तुम्हीही रागावू नका. आणि त्यावर तुम्ही काय करता हेही मला नको सांगायला. बुद्धिबळ असेल तर पातळी सोपीच असू द्या.

ता. क. शेवटचं. पंखा काढून पाठवू नका. काढायला गेलात तर एक स्क्रू उरेल, आणि मग तो तसा वाजायचा नाही. शिवाय भाऊ तुमचाही होता. राहू दे तिथेच. फक्त दुपारी जेवणं झाली की मला फोन लावा आणि फोन त्या डब्याशेजारी ठेवा. बोललंच पाहिजे असं नाही, हं हंसुद्धा करू नका. मी इकडे वाचत असेन. जहाज एकदा बंदराबाहेर काढायचं आहे. मध्ये कठीण शब्द आला तर विचारीन. अर्थ चुकला तरी चालेल, पण ठामपणे सांगा.