न झालेल्या बिघाडांची नोंद घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
गोदाकाठ पाणीपुरवठा मंडळ,
नाशिक.

विषय : ~~राजीनामा~~ कु. योगिनी कारभारी निमसे, पंपचालक, यांना पंपाजवळच ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपला बदली आदेश, दि. ६ जून २००३.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी यंदा दहावीत गेले असून योगिनी ही माझी सख्खी आत्या आहे. हा अर्ज तिला माहीत नाही. तरी तिला रागावू नये, मला रागावावे. माझी शाळा दुपारची आहे.

१. आत्या आठ वर्षे आंबेवाडी पंपगृहात आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही तिची पद्धत. "दोन नंबर कण्हतोय," असे म्हणून ती ग्रीस भरते, बोल्ट आवळते आणि पंप बिघडायचा राहून जातो. तिच्या पाळीत तीन वर्षांत एकही पंप बंद पडलेला नाही.

२. घोटाळा नेमका इथेच झाला. आपल्या नोंदवहीत 'केलेल्या दुरुस्त्या' एवढाच रकाना आहे. आत्याच्या नावापुढे दर महिन्याला 'निरंक' लागते. दुसरे पंपचालक चंदरभाऊ यांच्या पाळीत गेल्या वर्षी अकरा दुरुस्त्या झाल्या, म्हणून १ मे रोजी उत्कृष्ट कर्मचारी ते झाले. भाऊ सरळ मनाचे आहेत. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "ताई, हा नारळ तुमचाच. शाल तेवढी राहू द्या, आमच्या म्हातारीनं पांघरलीसुद्धा."

३. पुढे स्टोअरच्या झुंबरकाकांनी ग्रीस देणे बंद केले. बिघाडच नाही तर ग्रीस कशाला, असे त्यांचे म्हणणे. आत्या आमच्या मळ्यातल्या मोटारीचे ग्रीस डब्यातून नेऊ लागली. एकदा डबे बदलले आणि पंपगृहात मेथीची भाजी गेली. माझ्या पप्पांनी मळ्यात डबा उघडला तेव्हा काय निघाले ते आपल्या लक्षात आलेच असेल. आणि आता आपला आदेश आला आहे की, कामाचा भार नसल्याने तिला सोमवारपासून आवक-जावक टेबलावर बसवावे.

४. दरम्यान एका लग्नात आत्या जनरेटरजवळून जाताना म्हणाली, "हा दुसऱ्या पंगतीपर्यंत टिकायचा नाही." दुसऱ्या पंगतीत जिलेबी वाढताना अंधार झाला. तिचे ते बोलणे ऐकलेले सातपूरचे एक कारखानदार शेजारच्याच पानावर बसले होते. त्यांनी हात धुवायच्या आत तिला नोकरी देऊ केली. जे त्यांना एका जेवणात कळले ते मंडळाला आठ वर्षांत कळू नये, याचे मला नवल वाटते. लहान तोंडी लिहिले, माफी असावी.

५. मीच आत्याला सुचवले होते की, महिन्यातून एकदा एखादा पंप मुद्दाम बंद पाड, म्हणजे रकाना भरेल. ती म्हणाली, "दिशे, आपलं नाव व्हावं म्हणून डॉक्टरनं बरा माणूस आजारी पाडायचा का?" आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला जायचे नाही, साहेब. अजून सकाळी घरचा नळ सोडून ती धार बघते आणि कुठला पंप चालू आहे ते सांगते.

तरी नम्र विनंती की, नोंदवहीत 'न झालेले बिघाड' असा रकाना वाढवावा, ग्रीस सुरू करावे आणि बदलीचा आदेश मागे घ्यावा. रकान्यासाठी पट्टी आणि लाल पेन घेऊन मी रविवारी येऊ शकते. खात्री नसेल तर आपण स्वतः एकदा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून पाहावे. मी लावला आहे. मला नुसते गुंऽऽ ऐकू आले.

शेवटी, वर खोडलेल्या शब्दाबद्दल. माझे अक्षर चांगले म्हणून आत्याने आज मला राजीनामा लिहायला बसवले. 'प्रति'पासून 'महोदय'पर्यंत तो व्यवस्थित उतरला. पुढे हात वळेना, म्हणून त्याच कागदावर हा अर्ज झाला. खाली तिच्या सहीसाठी सोडलेली जागा कोरीच आहे. तिथे 'मंजूर' लिहून आपण सही करावी.

सोमवारच्या आत उत्तर येईल या भरवशावर,

आपली नम्र,
दिशा रंगनाथ निमसे
नाशिक, दि. १२ जून २००३

सोबत : आत्याची वही (पंपांचे रोजचे आवाज, तीन वर्षांचे). शिलाई मशीनखालून न विचारता घेतली आहे, तरी लवकर परत मिळावी.

(सहीसाठी जागा)