बोळातील बाजूचे दार बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
कत्तलखाना कार्यालय,
पहिला मजला.

अर्जदार : मेंढ्यांच्या गोठ्यावरील राखणदार (सध्या ‘मुकादम’ पदाचा अतिरिक्त कार्यभार)

विषय : बोळातील बाजूचे दार येत्या एक तारखेपासून बंद न करण्याबाबत, ते शक्य नसल्यास अर्जदारास त्यापूर्वी कार्यभारातून मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : १) आदेश जा. क्र. ११८ (अतिरिक्त कार्यभार)
२) ज्ञापन जा. क्र. १४० (नगांतील तफावत)
३) आदेश जा. क्र. १५२ (दार बंद करणे)

महोदय,

१. अर्जदार आपल्या कत्तलखान्यात मेंढ्यांच्या गोठ्यावर चौदा वर्षे राखणदार आहे. त्याला लिहिता-वाचता चांगले येते आणि हा अर्ज तो स्वतःच लिहिणार होता. तीन कागद वाया गेले. हात इतका कापतो की ‘महोदय’च्या पुढे मजकूर सरकेना. म्हणून कार्यालयाच्या जिन्याखाली बसणाऱ्या प्रस्तुत अर्जलेखकाकडे तो आला, आणि त्याने सांगितले तसे हे लिहिले आहे. अर्जलेखकाने बदल्यांचे, रजांचे, गळक्या छपरांचे हजारो अर्ज लिहून हातावेगळे केले आहेत. मात्र समोर बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी मान वळवून पाठीमागे पाहतो आहे, असे आजवर झाले नव्हते. पाठीमागे भिंत आहे, हे त्याला दोनदा सांगून झाले.

२. आपण पहिल्या मजल्यावर बसता, म्हणून खालच्या कामाची पद्धत थोडक्यात सांगणे भाग आहे. गोठ्यापासून कत्तल विभागापर्यंत एक बोळ जातो. लांबी साठ पावले, रुंदी दीड हात, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती, शेवटी जाड रबरी पडदा. मेंढी अशा बोळात आपण होऊन पाऊल टाकत नाही. मागून ढकलले तर पाय रोवते; पण पुढे कोणी ओळखीचे चालू लागले की मान खाली घालून निघते. यासाठी आपल्याकडे एक बोकड पाळलेला होता. त्याच्या गळ्यात घंटा असे. कामगार त्याला मुकादम म्हणत, आणि पुढे चाऱ्याच्या तक्त्यावरही तेच नाव लागले. मुकादम चाळीस मेंढ्या घेऊन बोळात शिरे, पडद्याच्या पाच पावले अलीकडे डाव्या हाताच्या दारातून बाहेर पडे, आणि मेंढ्या सरळ पुढे जात. या दाराला कडी फक्त बाहेरून आहे. झाडलोट करणाऱ्या मावशी घंटा ऐकून कडी काढीत, मुकादमाला मूठभर दाणे देत आणि दार चटकन लोटून घेत. अकरा वर्षे हे बिनबोभाट चालले.

३. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती कडी अडकली. मावशींनी दगडाने ठोकून काढीपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ मुकादम पडद्याशी उभा राहिला. पडदा दर मेंढीगणिक हलतो. त्याला काय दिसले ते त्यालाच ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून तो बोळाच्या तोंडाशी येऊन बसू लागला. दाणे दाखवले, गोंजारले, कान ओढले. ढिम्म हलला नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याचा हा पहिलाच खाडा होता. आपल्याकडील नियमाप्रमाणे काम न करणारे जनावर कत्तलीसाठी दाखल झालेल्या जनावरांत धरले जाते. तिसऱ्या दिवशी मुकादमाला तसे धरण्यात आले, आणि ‘नवीन जनावर मिळेपर्यंत सदर पदाचा कार्यभार राखणदाराने सांभाळावा’ असा संदर्भ क्र. १ चा आदेश निघाला.

४. आदेश वाचून अर्जदार हसला होता, हे तो कबूल करतो. घरी त्याची पत्नीही हसली, म्हणाली, “चला, चौदा वर्षांनी का होईना, बढती मिळाली.” त्याने घंटा आधी हातात धरून पाहिली. मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. गळ्यात अडकवली तेव्हा निघाल्या.

पहिल्या खेपेत अर्जदाराच्या लगेच मागे मुकादम होता. एकट्याने जो तीन दिवस जागचा उठला नव्हता, तो अर्जदार पुढे होताच उठून चालू लागला. त्याचा अर्जदारावर विश्वास होता. पिलू असताना त्याला बाटलीने दूध अर्जदारानेच पाजले होते. दार उघडले. अर्जदार बाहेर पडला. मुकादमही सवयीने डावीकडे वळला, कारण त्याच्या लेखी ते त्याचेच दार होते. अर्जदाराने ते दोन्ही हातांनी लोटून घेतले. मावशींच्या मुठीतले दाणे तसेच राहिले. या गोष्टीची अर्जदारास फार लाज वाटते, आणि हे वाक्य अर्जात राहू द्यावे असा त्याचा आग्रह आहे.

५. येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे की अर्जदाराची कोणाच्या ताटाविषयी तक्रार नाही. तो स्वतः मांस खात आला आहे. हल्ली घास तोंडात घेतला की त्याची मान आपोआप मागे वळते, एवढेच. सासरेबुवांनी परवा विचारले, “जावईबापू, मागे कोण आहे?” हा मजकूर विषयाला धरून नाही, गाळावा, असे अर्जलेखकाने सुचवले होते. अर्जलेखकही रविवारी मटण आणतो. तरी मजकूर राहू दिला आहे.

६. आता तफावतीविषयी. पूर्वी बोळाच्या तोंडाशी एक मोजणीदार स्टुलावर बसे आणि मुकादमाला वगळून मोजे. अर्जदाराने कार्यभार घेतला त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी यंत्र आले. अंगात ऊब असलेले जे जे खालून जाते ते यंत्र मोजते. त्यामुळे बोळाशी एक्केचाळीस आणि आत चाळीस, असे दर खेपेला होऊ लागले. रोज चार खेपा, त्रेपन्न दिवस. एकूण दोनशे बारा नग कमी. संदर्भ क्र. २ च्या ज्ञापनाने त्याचा खुलासा अर्जदाराकडे मागितला. अर्जदाराने लेखी कळवले की हे दोनशे बारा नग म्हणजे तो स्वतःच आहे. त्यावर ‘खुलासा समाधानकारक नाही’ असा शेरा आला. तो मोठ्या बाबूंना समक्ष भेटला, तेव्हा ते म्हणाले, “हे बघा, यंत्राला तुमच्याशी काही वैर नाही. जिवंत आत गेलं असं ते सांगतंय. मग ते पलीकडे निघायला नको?” बाबू रागावलेही नव्हते. अर्जदार म्हणतो, रागावले असते तर बरे वाटले असते.

७. त्यानंतरच्या गोष्टी अर्जदाराने एका दमात सांगितल्या. बोळात जाणाऱ्यांना बारा तास आधीपासून खायला देऊ नये, म्हणजे आतड्यांची सफाई सोपी जाते, असा नियम आहे. ट्रकमधून मेंढ्या एकमेकींवर रचल्यासारख्या येतात, काहींचे पाय मोडलेले असतात, आणि उतरल्यावर त्या पाण्याकडे धावतात तेव्हा हौदावर झाकण असते. झाकण घालण्याचे काम इतकी वर्षे अर्जदाराकडेच होते. चौदा वर्षांत त्याला त्याचे काही वाटले नाही. नियम आहे म्हटल्यावर विषय संपत असे. गेल्या सोमवारी उपाहारगृहात त्याला चहा नाकारला. उपाशी ठेवायच्या नगांची यादी दाखवली, त्यात खेपेतील पहिला नग म्हणून त्याचा क्रमांक होता. तो हौदावर गेला, तर झाकण होते.

बुधवारी पशुवैद्य आले. ओळीतल्या प्रत्येकाचे दात पाहत, पाठीवर हात फिरवत ते आले. अर्जदाराचेही पाहिले. “छान आहे,” म्हणाले, आणि त्याच्या शर्टावर निळा शिक्का उमटला. पत्नीने शर्ट तीन वेळा धुतला. त्या दिवसापासून ती हसत नाही. सकाळी तो निघाला की दाराशी उभी राहते आणि वळणाआड जाईपर्यंत पाहते. बारा वर्षांच्या संसारात तिने असे कधी केले नव्हते. “राजीनामा द्या,” म्हणाली. त्याने दिला. तफावत निकाली निघेपर्यंत तो स्वीकारता येत नाही, असे कळवण्यात आले.

८. आणि आता संदर्भ क्र. ३. ‘नग बाजूच्या दारातून गळतात असे दिसून आल्याने सदर दार एक तारखेपासून विटा लावून कायमचे बंद करावे. खेपा पूर्ववत चालू राहतील.’ ही दोन वाक्ये अर्जदाराने अर्जलेखकाकडून चार वेळा मोठ्याने वाचून घेतली. आपण चुकीचे वाचत असू, अशी त्याला आशा होती.

मावशींना त्याने आदेश दाखवला. त्या म्हणाल्या, “अरे, मग तू कुठून येशील?” हाच प्रश्न त्याने मोठ्या बाबूंना विचारला. ते म्हणाले, “त्याबद्दल आदेशात काही नाही. अर्ज करा.” मागे फिरता येत नाही, हे येथे नमूद करावे लागेल. बोळ दीड हाताचा आहे, मागे चाळीस जीव असतात, आणि शेवटची मेंढी आत आली की तोंडाशी जाळी पडते. पडद्यापलीकडचे कामगार ओळखीचे आहेत, ते हात आवरतील, असे अर्जलेखकाने त्याच्या समाधानासाठी म्हटले. तो म्हणाला, “ते वर बघत नाहीत. बघितलं तर त्यांना काम होणार नाही.”

९. अर्ज म्हटला की कारणे द्यावी लागतात. तुला आत का जाऊ देऊ नये ते सांग, असे अर्जलेखकाने त्याला विचारले. तो म्हणाला, माझी तब्येत ठणठणीत आहे, अजून खूप वर्षे जगेन. अर्जलेखकाने ते लिहिले आणि खोडले. पशुवैद्यांच्या यादीत सगळ्यांचीच ठणठणीत आहे. मी कोणाचे वाईट केले नाही, म्हणाला, तेही खोडले. घरी लेक आहे, म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, हे नको लिहू, गाभण असलेल्याही येतात. शेवटी तो म्हणाला, “मला भीती वाटते.” अर्जलेखकाला हे कारण बळकट वाटले. पण अर्जदाराने पुढे सांगितले की त्याच्या लगेच मागची मेंढी दर खेपेला त्याच्या गुडघ्यामागे तोंड दाबून चालते आणि थरथरत असते. आता त्याचेही पाय थरथरतात, आणि थरथर कोणाची हे त्याला उमगत नाही. तेव्हा तेही खोडावे लागले.

अशा रीतीने एकूण एक कारण मागच्या चाळीसांनाही तंतोतंत लागू पडते असे आढळले. अर्जलेखकाने आपला सगळा अनुभव पणाला लावून फरक शोधला. त्यांच्याकडून आजवर आपल्या आवक विभागात अर्ज आलेला नाही, एवढा एकच सापडला. त्या एका कारणावर हा अर्ज सादर करीत आहोत.

१०. तरी मेहेरबानी करून दार उघडे ठेवण्याचे आदेश व्हावेत, अथवा अर्जदारास कार्यभारातून मुक्त करावे. तिन्ही संदर्भांच्या प्रती आणि शिक्क्यासह एक शर्ट सोबत जोडला आहे. ही विनंती फक्त स्वतःपुरती करताना अर्जदारास संकोच वाटतो, पण चाळीसांसाठी विनंती कोणत्या खिडकीवर द्यावी याची चौकशी केली असता तशी खिडकी नाही असे समजले.

एक तारखेपर्यंत निर्णय न झाल्यास अर्जदार सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे हजर राहील. गैरहजर राहून पाहण्याचा विचार त्याने केला होता. पण मग दुसऱ्या राखणदाराला पुढे घालतील, आणि त्याचीही लेक लहान आहे. त्या दिवशी उत्तर तयार झाले, तर ते टपालाने न पाठवता कोणीतरी खाली येऊन विटांच्या बाहेरून मोठ्याने वाचावे, ही शेवटची विनंती. बोळात उभे राहिले की बाहेरचा शब्द न शब्द ऐकू येतो. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच येतो.

आपल्या उत्तराकडे कान लावून असलेला,

(सही)
राखणदार, मेंढ्यांचा गोठा
(सही कापरी असली तरी अर्जदाराचीच आहे. — अर्जलेखक)

दिनांक : २४