वाढत्या अंगाचा पास

आदरणीय व्याहीबुवांना,

नमस्कार. विहीणबाईंनाही नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? म्हणजे मान, कंबर, रक्तदाब, झोप, आणि उंचावर गेल्यावर चक्कर वगैरे येते का? (एवढं बारीक विचारतोय म्हणून दचकू नका. आपल्या माणसाची चौकशी अर्धवट करू नये असं माझं मत आहे.) आमच्याकडे सगळे मजेत. दुकान सुरू आहे, मशीनचा पट्टा नवा टाकला, डोळे अजून सुईत दोरा ओवतात. गुडघा तेवढा थोडा कुरकुरतो, पण त्याचं पुढे येईलच.

पत्र लिहायचं कारण असं की रविवारची हकीकत सूनबाईनं, म्हणजे तुमच्या लेकीनं, तुम्हाला फोनवर सांगितली असणार. ती त्या दिवशी हॉस्पिटलात ड्युटीवर होती आणि चिरंजीव परगावी, तेव्हा तिनं जे सांगितलं ते ऐकीव आहे. प्रत्यक्ष तिथे असलेला मोठा माणूस मी एकटाच. माझा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू आला, मी कुणा परक्या गृहस्थाच्या दंडाला लोंबकळत होतो, असं काही तुमच्या कानावर आलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि मी काय म्हणतो ते वाचा.

आपल्या नातीला मी लाडानं बटण म्हणतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि शिंप्याच्या तोंडी दुसरं काय येणार? पण यंदा तिसरीत हे नाव वर्गात कुणाच्या तरी कानावर गेलं आणि तिथे त्याची चेष्टा झाली. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. रांगेत पहिली, फोटोत पहिल्या ओळीत, फळ्यावरचं वरचं पुसायला कायम दुसरीच कुणीतरी. त्यामुळे घरात आता बटण म्हणायचं नाही असा तिचा हुकूम आहे आणि मी तो पाळतो. (इथे फक्त तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.) व्याहीबुवा, हे नाव मी ठेवलं आणि त्याचा त्रास ती भोगतेय, हे मला लागलं. खरंच लागलं. लग्न ठरवताना तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाला होतात की उंची आमच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे, काळजी नको. मी काही तक्रार करत नाही, नुसती आठवण करून देतो.

तर तिच्या वर्गातल्या तीन उंच मुली त्या मोठ्या मनोरंजन पार्कात जाऊन आल्या आणि 'घार' नावाच्या पाळण्यात बसल्याचे फोटो घेऊन आल्या. पाळणा म्हणजे आपल्या वेळचा गोल फिरणारा नव्हे. हा रुळांवरून वर चढतो, मग खाली पडतो, मग उलटा होतो, आणि नेमका उलटा असताना एक यंत्र आपोआप फोटो काढतं. फोटो पाहून आपल्या नातीनं भर वर्गात जाहीर केलं की सोमवारी मीही घारीवरचा फोटो आणणार. घरी येऊन मात्र ती दप्तरात तोंड खुपसून बसली. मी म्हणालो, यात काय एवढं, मी नेतो. लहान मुलाच्या शेजारी मोठ्या माणसाला बसावंच लागतं म्हणे. मी म्हणालो, बसतो. तिचा हात धरून बसायचं म्हटल्यावर मला कशाची भीती?

तिकीट ॲपवर काढायचं होतं. ॲपला मी घाबरत नाही. ज्यानं चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, एका जूनमध्ये तीनशे पोरांच्या आयांना तोंड दिलं, त्याला एक फोन काय करणार? ॲपनं नाव विचारलं, सांगितलं. जन्मतारीख विचारली, सांगितली. फोटो मागितला, दिला. मग ते म्हणालं की साध्या रांगेत घारीला सव्वादोन तास लागतील, पण झटपट पास घेतला तर बाजूच्या वाटेनं सरळ आत. ज्याला वेळेची किंमत कळते तो असल्या ठिकाणी मागेपुढे पाहत नाही. मी पास घेतला. शेवटी एक मोठं पिवळं बटण आलं आणि त्याच्याखाली टाचणीच्या टोकाएवढ्या अक्षरांत 'नको' असं काहीतरी. मी पिवळं दाबलं. ते कशाचं होतं ते सावकाश सांगतो.

मधे ॲपनं उंचीही विचारली होती. मी नातीला दाराशी उभं केलं, टेप लावली, एकशे अठरा सेंटिमीटर भरले, आणि मी एकशे बावीस लिहिले. यात लबाडी अजिबात नव्हती. तुम्ही आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलात, तुम्हाला आमच्या धंद्यातलं ठाऊक नसेल म्हणून सांगतो. शाळेच्या पोराचं माप कधीच नेमकं लिहायचं नसतं. दोन बोटं वाढीव धरायची, म्हणजे कापड आत दुमडून ठेवता येतं आणि पोर वाढलं की उसवून सोडता येतं. वाढत्या अंगाचं माप म्हणतात ते हेच. चाळीस वर्षं हात तसाच चालतोय, तो ॲपपुढेही तसाच चालला. ॲपनं लगेच अभिनंदन केलं, तुमच्यासाठी सगळे पाळणे खुले आहेत म्हणालं. मीही खूश, ॲपही खूश.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. साधी रांग बघून छाती दडपली. लोक बसकण मारून होते, एका बाईनं तर लोकरीचं विणकाम काढलं होतं (उलटा टाका चुकत होता, पण मी बोललो नाही). आम्ही त्यांच्या बाजूनं ताठ मानेनं निघालो. रांगेतली माणसं आपल्याकडे अशी बघतात की जणू त्यांच्या पानातलं उचलून आपण खातोय. मी नातीला म्हणालो, खाली बघू नकोस, पैसे भरलेत. पन्नास पावलांवर आमची वाट वळली आणि समोर झटपट पासवाल्यांची रांग उभी. रांग टाळलेल्यांची रांग! तिथे चाळीस मिनिटं उभे राहिलो. शिवाय आपली वेळ चुकली तर पास बाद, म्हणून जो तो फोनकडे बघत होता. पलीकडे साध्या रांगेत लोक गप्पा मारत होते, एकमेकांची पोरं सांभाळत होते. आमच्या रांगेत कुणी कुणाशी बोलेना. भाव खायला आलेली सगळी माणसं एकाच जागी कोंडली की असंच होत असावं.

आमचा नंबर आला. फाटकाशी पिवळ्या जाकिटातली एक बाई होती आणि तिच्याशेजारी मापाचा खांब. खांबावर एकशे वीसला लाल रेघ. नात खांबाला पाठ लावून उभी राहिली, आणि तिच्या डोक्याच्या वर, रेघेच्या खाली, एक बोट उजेड दिसला. बाई म्हणाली, नाही जमणार. मी फोन पुढे केला, म्हणालो बघा, ॲप म्हणतंय चालेल. त्यावर ती इतकंच म्हणाली, "काका, ॲपला तुम्ही जे सांगितलंत तेवढंच कळतं."

मी खिशातून टेप काढली. (ती माझ्या खिशात असतेच, अंत्ययात्रेतही.) म्हटलं तुमचा खांब चुकलाय, मी मोजतो. मागची सगळी झटपट माणसं माना उंचावून बघायला लागली. व्याहीबुवा, एक गोष्ट तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका. माप घेताना टाचेपाशी अंगठा जरासा सरकवला की दोन सेंटिमीटर सहज निघतात. आमच्यातल्या कुणालाही ते येतं आणि समोरच्याच्या बापालाही कळत नाही. नात त्या बाईकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. अंगठा जागेवर आलासुद्धा. पण तेवढ्यात माझी नजर पाळण्याच्या खुर्चीवर गेली. ती जी लोखंडी दांडी पोटावर येते ना, ती मापानं केलेली होती. अंगाला सैल कपडा नुसता वाईट दिसतो, सैल दांडीतून पोर निसटतं. मी अंगठा मागे घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, एकशे अठरा. चाळीस वर्षांत कुणाचं माप सांगताना माझा आवाज कापला नव्हता.

ती रडली नाही. खांबापासून बाजूला झाली आणि म्हणाली, "मग तुम्ही बसा. फोटो तरी निघेल." मी म्हणालो, अगं, तुझ्याशिवाय मी कसा? ती म्हणाली, "पास बाद होईल ना आजोबा. आणि मी सोमवारी आणते म्हटलंय." पिवळ्या जाकिटवाल्या बाईनं तिला आपल्याजवळच्या बाकावर बसवलं, आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं घारीत जाऊन बसलो. शेजारची नातीची जागा रिकामी राहणार होती, तिथे त्यांनी एक पैलवानासारखा गृहस्थ आणून बसवला.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. वर चढताना गाव छान दिसलं. पडताना काही दिसलं नाही. मी ओरडलो असं म्हणतात. मला वाटतं मी श्वास सोडत होतो, तो जरा जोरात सुटला असेल. त्या गृहस्थाचा दंड मी धरला हे खरं, पण त्यांनाच आधाराची गरज वाटली म्हणून. (उतरल्यावर ते दंड चोळत होते आणि त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही.) फोटो निघाला. त्यात माझं तोंड एवढं उघडं आहे की दाढेचं चांदीचं काम स्पष्ट दिसतं, डोळे गच्च मिटलेले, चष्मा कपाळावर. नातीनं तो फोटो कितीतरी वेळ बघितला, मग वहीत ठेवला, वही दप्तरात, आणि विचारलं, दुखलं का? मी म्हणालो, छे, मजा आली. तिनं लगेच ॲप उघडलं आणि अजून दोन पाळण्यांचे पास बाकी आहेत म्हणून दाखवलं. त्या दिवशी मी एकूण तीनदा हवेत गेलो.

सोमवारी ती फोटो घेऊन शाळेत गेली. मी दिवसभर एका पँटला दोन डावे पाय शिवत बसलो. फोटोत ती नाही, एक म्हातारा भोकाड पसरून बसलाय, वर्ग काय म्हणेल? संध्याकाळी ती आली, पोटभर जेवली आणि अभ्यासाला बसली. विचारायचा माझा धीर झाला नाही. एवढंच काय ते. बाकी सहल अत्यंत यशस्वी झाली असं सूनबाईला सांगा.

तुमचा नम्र,
व्याही

ता. क. ते पिवळं बटण वर्षभराच्या पासचं होतं. चिरंजीवांना हे कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला, पण मी मुद्दामच दाबलं असं सांगून टाकलं, आणि विचार केल्यावर मला ते पटलंही. तीनशे पोरांची मापं दर जूनला घेतलेला माणूस आहे मी. या वयाचं पोर वर्षाला दोन इंच वाढतं. घारीला हवंय एक बोट. म्हणजे पास संपायच्या आत रेघ खाली आणि आपली नात वर. थोडक्यात, पास मी वाढत्या अंगाचा घेतलाय.

ता. क. दुसरा. पास एक मूल आणि दोन मोठी माणसं असा होता. मूल म्हणजे आपली नात, मोठ्यांत एक मी. दुसऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलंय. फोटो लग्नाच्या अल्बममधला दिलाय (तुम्ही घास चावताय, पण ओळखू येता). ॲपला अजून एक माहिती हवी आहे: मान, कंबर, रक्तदाब, झोप, आणि उंचावर चक्कर येते का. पहिल्या ओळीत चौकशी केली ती मनापासूनच होती, पण उत्तर उलट टपाली आलं तर बरं.

ता. क. तिसरा. पुढच्या वर्षी तिच्या शेजारी तुम्ही बसा. माझा गुडघा कुरकुरतो असं मी तिला सांगितलंय. व्याहीबुवा, गुडघा ठणठणीत आहे. मी घाबरलो होतो. इतका की तिसऱ्यांदा वर जाताना दुकान कुणाच्या नावावर करावं याचा विचार करत होतो. तुम्ही खांबावर आयुष्य काढलंत, तुम्हाला काही वाटणार नाही. तिचा हात धरलेला माणूस ओरडता कामा नये. हे तिला कळू देऊ नका. पत्र तीच पेटीत टाकणार आहे, वाचायचं नाही असं बजावलंय.

*उंचआजोबा, मी वाचलं, कारण पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. आजोबा घाबरले होते ते मला फोटोतच दिसलं. वर्गातली एक उंच मुलगी फोटो बघून हसली, तेव्हा मी सांगितलं की ते ओरडत नाहीयेत, वरून मला हाक मारतायत. मग कोणी हसलं नाही. तुम्ही पण असंच सांगा. तुम्ही नक्की या, पण मागच्या खुर्चीत बसा. माझ्या शेजारी तेच बसणार. त्यांचा हात मी धरणार आहे.*

*बटण*